कवडीचा खुराक

तुरीच्या शेंगा झाडावरच खुळखुळायला लागल्या, की गावातल्या बाकीच्या बायका येळवशीच्या भज्जीसाठी वालाच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी, चिंच गोळा करायला लागतात. मी मात्र कुणाच्या रानात तुरीचं भुसकट किती निघेल याचा अंदाज घेत हिंडते. अंगणवाडीची टीचर शेंगांकडं न बघता पाल्याकडं बघते, म्हणून लोक हसतात. हसू देत. भुसकटाची किंमत ज्याच्या गोठ्यात गाभण शेळी आहे त्यालाच कळते.

मार्गशीर्षाची अमावस्या म्हणजे आमची येळवस आठ दिवसांवर आली आहे. सकाळी अंगणात पाणी टाकलं तर वाफ निघते. रानात ज्वारी पोटरीला आली आहे, हरभऱ्याला घाटे धरायला लागलेत, आणि हात लावला की बोटं आंबट होतात. आज दुपारच्या एसटीनं उदगीरहून माझी लेक अर्चना येते आहे. सातवा महिना लागला आहे, पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणं माहेरी. भाकरीचं पीठ मी सकाळीच चाळून ठेवलं, आणि चाळता चाळता गेल्या वर्षीचे हेच दिवस आठवत राहिले.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी एका शेळीवरून घरात भांडण मांडलं होतं. शेजाऱ्यांना वाटलं, टीचरचं डोकं फिरलं. मला शेळीमागं माझी लेक दिसत होती. तिचं लग्न नुकतंच झालेलं. वर्ष-दोन वर्षांत ती पोटुशी होऊन याच घरात येणार होती, आणि या घरात पोटुशीनं सातव्या महिन्यापासून अर्धीच भाकरी खायची असा नियम होता. बाईलाही आणि जनावरालाही. अर्चना उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधी मला तो नियम मोडायचा होता.

नियम माझ्या सासूबाईंचा. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नात्यानं त्या माझ्या आत्या नाहीत, पण आमच्याकडं सासूला तसंच म्हणायची पद्धत. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची सवय नाही. गोठा त्यांचाच. कुठलं जनावर कधी माजावर आलं, कधी फळलं, कधी विणार हे त्यांना पंचांग न बघता ठाऊक असतं. शेळ्यांच्या बाबतीत मी त्यांच्यापुढं कालची पोर. फक्त एका बाबतीत मला खात्री होती, की त्या चुकतात.

"शेवटच्या महिन्यांत आवरूनच चारावं लागतंय," त्या म्हणायच्या. "पिलू पोटात माजलं की अडतंय. रितं पोट, मोकळी वाट."

त्याच्या आदल्या वर्षी कवडी या नियमानं व्याली होती. कवडी आमची काळी शेळी, कानांवर कवड्या चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके. वाट मोकळी झाली, यात खोटं नाही. दोन करडं सहज बाहेर आली. दोन्ही मिळून एका धड करडाएवढी. एक उठलंच नाही. दुसरं उठलं, आईच्या सडाला लागलं, पण सडात चीक नव्हता. चौथ्या दिवशी तेही गेलं. आत्याबाई म्हणाल्या, देवाची करणी. मी कवडीच्या पाठीवरून हात फिरवला तर मणका मण्यांसारखा बोटाला लागला. देवाला कशाला बोल लावायचा? करणी आमच्या टोपलीची होती.

माझं काम असं, की गावातल्या पोटुश्या बायकांना समोर बसवून जेवू घालायचं, लेकरं काट्याला लावायची, वजन वहीत लिहायचं. बायका अंडं पदरात लपवून थोरल्या पोरासाठी नेतात, ते मी पकडते. भात उष्टा टाकतात, त्यांना रागावते. सगळं गाव माझं ऐकतं म्हणा, किंवा ऐकल्यासारखं करतं. आणि घरी आले की गोठ्यात गाभण शेळ्या रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभ्या असायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अर्चना माझ्या पोटात होती तेव्हा मी या घरात नवीन होते. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच. सातव्या महिन्यापासून ताटात अर्धी भाकरी यायला लागली. भूक अशी लागायची, की कडब्याच्या गंजीला टेकून बसले तरी मला भाकरीचा वास यायचा. मागायची लाज वाटायची. अर्चना झाली तेव्हा दोन किलोही भरली नाही. जगली, शिकली, सगळं झालं. पण तिची चुलत बहीण तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान असून डोकंभर उंच, आणि शाळेच्या रांगेत माझी लेक पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यात पुढं उभी. झेंडावंदनाला पालक कौतुकानं बघत असायचे. मी त्या रांगेकडं बघून घरी येऊन रडायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

तरीही आत्याबाई दुष्ट नव्हत्या, हे सांगितलंच पाहिजे. त्यांची थोरली बहीण बाळंतपणात अडली होती. बैलगाडीतून भालकीला नेता नेता वाटेतच गेली, पोटातल्या बाळासकट. आत्याबाई तेव्हा गाडीत होत्या, बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन. बाळ मोठं होतं म्हणून अडलं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते त्यांच्या मनात कायमचं रुतून बसलं. मग आलेल्या प्रत्येक पोटुशीला, दोन पायांची असो की चार, त्यांनी त्या गाडीपासून वाचवायचं ठरवलं. माझ्यावरच्या मायेनंच त्यांनी मला उपाशी ठेवलं. हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळलं तरी भूक विसरता आली नाही.

गेल्या वर्षी आमची दुसरी शेळी भोरी आषाढात फळली आणि कवडी श्रावणात. कार्तिक संपता संपता मी जाहीर केलं, की कवडीला मी चारणार.

आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "कामून? म्या काय उपाशी मारायले का तिला?"

"पिलाची खरी वाढ शेवटच्या दीड महिन्यातच होते, आत्याबाई. त्याच वेळी आपण हात आखडतोय."

"तुझ्या वहीत लिव्हलंय व्हय?" त्या म्हणाल्या. "चार मग. तुझी कवडी तू बघ, मपली भोरी मी बघते. अडली की मला हाक मारू नगंस."

नवरा बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात आहे, रविवारी तेवढा घरी येतो. त्यानं दोघींचं ऐकून घेतलं आणि तिसरंच काढलं. "या खेपेला बी कवडीची करडं गेली तर तिला भालकीच्या बाजारात न्यायचं. गोठ्यात बांधून काय पूजा करायची हाय का?" बाजारात म्हातारी होत चाललेली शेळी कोण घेतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी मान डोलावली. मागं फिरायचा रस्ता मीच बंद करून घेतला.

आणि पहिल्याच फटक्यात मी चूक केली. ती लपवणार नाही. भांडणाचा राग डोक्यात होता. दाखवतेच आता, म्हणून मी भिजवलेली ज्वारी सूपभर कवडीपुढं ठेवली. बिचारी कितीतरी दिवसांची अर्धपोटी. तिनं सूप चाटूनपुसून साफ केलं, आणि मी कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची डावी कूस ढोलासारखी ताणलेली. दात खात होती, रवंथ बंद, डोळे निस्तेज. 

आत्याबाई आल्या, कवडीच्या पोटावर टिचकी मारून आवाज ऐकला. "म्हणलं न्हवतं का," एवढंच बोलल्या. मग स्वतःच खायचा सोडा पाण्यात कालवून तिला पाजला, रिक्षा बोलवायला सांगितलं आणि हुलसूरच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत कवडीचं तोंड मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसून आल्या. मला वाटतं, त्या दुसऱ्याच कुठल्या गाडीत बसल्या होत्या.

तिथले डॉक्टर कन्नड बोलणारे, तरुण. त्यांनी औषध दिलं, कूस चोळली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "किती घातलं?" मी हातानं सूप दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "उपाशी जनावराला एकदम दाणा म्हणजे विष, अक्का. स्वल्प स्वल्प." थोडं थोडं. मग त्यांनी समजावलं. शेवटी शेवटी पिलं पोटात जागा धरतात, शेळीच्या पोटाला पसरायला जागा उरत नाही. तिला भूक असते पण एका वेळी मावत नाही. म्हणून थोडं, पण कसदार, आणि दिवसातून चार वेळा. आधी सुका चारा, मग दाणा. मूठभरापासून सुरुवात आणि चार-पाच दिवसांनी एक मूठ वाढ.

"आणि पिलू मोठं होऊन अडलं तर?" हा प्रश्न आत्याबाईंनी विचारला, कन्नडमधून.

डॉक्टर म्हणाले, "चरबी चढेपर्यंत चारलं तर अडेल, अज्जी. उपाशी ठेवलं तरी अडेल. कळ द्यायला आईच्या अंगात ताकद नको का?" आत्याबाईंनी पदर सावरला आणि दाराकडं बघत राहिल्या.

कवडी दोन दिवसांनी रवंथ करायला लागली. गावात गोष्ट पोचायची ती पोचलीच होती. अंगणवाडीत एक बाई ताट हातात घेऊन म्हणाली, "टीचर, थोडंच वाढा, न्हाईतर मला बी दवाखान्यात न्यावं लागंल." सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. मग तिच्या ताटात नेहमीइतकंच वाढलं आणि ती संपवेपर्यंत समोर बसून राहिले. घरी येऊन एक मूठ भरडा मोजून घेतला. एकदा तोंड पोळलं म्हणून जेवण सोडायची आमची जात नाही.

त्यानंतरचा महिना मला घड्याळासारखा आठवतो. पहाटे शेवरीचा पाला. अंगणवाडीला जायच्या आधी तुरीचं भुसकट, आणि ते खाऊन झालं की मूठभर ज्वारीचा भरडा. दुपारी डाळ मिलमधून आणलेली तुरीची चुनी, तिच्यात करडईच्या पेंडीचा चुरा आणि चिमूटभर मीठ. संध्याकाळी परत भुसकट, परत मूठ. चौथ्या-पाचव्या दिवशी मूठ वाढवायची. चुनीचा तो तुरट, भाजक्या डाळीसारखा वास माझ्या साडीला चिकटलेला असायचा, आणि अंगणवाडीतली पोरं मला हुंगायची. कवडीच्या पाठीवरचे मणी हळूहळू बोटाला लागेनासे झाले. केस चकाकायला लागले. पलीकडच्या दाव्याला भोरी मान लांब करून बघत असायची. तिच्याकडं न बघता निघून जाणं हे त्या महिन्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. ती आत्याबाईंची, आणि तिला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं.

भोरी येळवशीच्या आठ-दहा दिवस आधी व्याली. एकच करडू, पाट म्हणजे मादी. सुटली पटकन. आत्याबाईंनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. पण पाट उभी राहायला दुपार उजाडली, आणि आत्याबाई तिला बोटानं दूध चाटवत बसल्या.

मग येळवस आली. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप केली, आत पाच दगड पांडव म्हणून मांडले, त्यांना चुना लावला. भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, मडक्यात आंबील. आंबट ताकाचा आणि ज्वारीच्या पिठाचा तो गार वास नाकात गेला, की मला येळवस पोचल्यासारखी वाटते. पूजा झाल्यावर घरातल्या मोठ्यानं पिकात फिरून चरगा शिंपायचा, म्हणजे आंबील आणि उंड्यांचे तुकडे रानाला चारी बाजूंनी घालायचे. आमच्याकडं ते काम सासरे गेल्यापासून आत्याबाईंचं. त्या ज्वारीच्या तासातून पुढं निघाल्या, मी मागून मडकं धरून. हाळी देत, मूठ मोकळी करत त्या चालल्या होत्या. पोटऱ्यांतून अजून कणसं बाहेर आली नव्हती, ताटं जाड आणि गच्च होती.

मला खरंच त्या वेळी काही डाव सुचला नव्हता. हाताला कळ लागली होती, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आत्याबाई, भुईला कामून जेवू घालायलाव आपण?"

"एवढी शिकलीस आन् एवढं ठावं न्हाई?" त्या मागं न बघता म्हणाल्या. "पोटुशी हाय ती आता. पोटुश्या बाईला कुणी उपाशी ठिवतंय का?"

त्या थांबल्या. हातातला उंड्याचा तुकडा हातातच राहिला. मी त्यांचा चेहरा बघायला पुढं गेले नाही. बघायला पाहिजे होता का, कोण जाणे. मग त्यांनी तुकडा टाकला आणि पुढची हाळी दिली, पण आवाज चिरकला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी चूल पेटवत होते, तर गोठ्यातून बोलणं ऐकू आलं. आत्याबाई उरलेल्या उंड्यांची परात घेऊन कवडीपुढं बसल्या होत्या. "खा गं माय. खा. तुला बी चरगा." एक उंडा संपला, त्यांनी दुसरा पुढं केला, मग तिसऱ्याकडं हात गेला. मी धावले.

"आत्याबाई! एकदम न्हाई! स्वल्प स्वल्प!"

त्यांनी माझ्याकडं असं काही बघितलं, की मला हसू आवरेना. त्याही हसल्या, तोंडावर पदर घेऊन, आणि बाकीची परात भोरीकडं न्यायला निघाल्या. परत मी धावले.

कवडी पौषात व्याली, उन्हं अंगणात आलेली असताना. त्या दिवशी आम्ही तूर बडवत होतो. कळा सुरू झाल्या तशा आत्याबाई काठी टाकून तिच्यापाशी जाऊन बसल्या. पहिलं करडू यायला वेळ लागला. त्यांचे ओठ हलत होते आणि कपाळावर थंडीत घाम. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांनी तो काढला नाही. मग कवडीनं चारी पायांना जोर दिला, लांब श्वास सोडला, आणि करडू आलं. पाठोपाठ दुसरं. दोघंही अंग चाटून व्हायच्या आत धडपडत उठली, पडली, परत उठली. सड चिकानं तटतटलेले होते. मी हुकाच्या काट्याला फडक्याची झोळी बांधून त्यांना तोललं. एक अडीच किलो, दुसरं त्याहून जरा कमी. अंगणवाडीत एवढ्या वजनाचं बाळ बघितलं, की मी वहीत आनंदानं लिहिते. इथं वही नव्हती, म्हणून मी ओरडूनच सांगितलं.

होळीपर्यंत कवडीची करडं गव्हाणीच्या दगडावरून उड्या मारायला लागली. भोरीची पाट त्यांच्याहून महिनाभरानं मोठी, पण त्यांच्या खांद्याला लागत होती. भोरीला नंतर आत्याबाईंनीच भरपूर खुराक घातला, दूधही उतरलं, पाट खेळायला लागली. पण पोटात राहिलेलं अंतर काही भरून निघालं नाही. एका दुपारी मी आले तर त्या तिन्ही करडांना ओळीनं उभं करून वितीनं मापत होत्या. पाटीला त्यांनी पुढं उभं केलं होतं. मला बघून त्यांनी हात मागं घेतला. आम्ही दोघी त्या ओळीकडं बघत उभ्या राहिलो.

कवडी बाजाराला गेली नाही. यंदा ती परत गाभण आहे, आणि तिची सकाळची मूठ आत्याबाई घालतात, मला विचारायची गरज वाटत नाही त्यांना. गावात कुणी विचारलं तर सांगतात, "आमच्याकडं पहिल्यापासून असंच चारत्यात." मी ऐकून घेते. श्रेय कुणाला हवंय? मला अर्चनाच्या ताटात पूर्ण भाकरी हवी होती. आणि शेळीचं एक असतं, बाईचं दुसरं, हेही मला ठाऊक आहे. गोठ्यात हरलेला नियम स्वयंपाकघरात परत बसू शकतो. म्हणून आज सकाळपासून माझे कान ताठ होते, आणि भांडणाची सगळी वाक्यं तयार.

अर्चना दुपारी आली. पोट पुढं, चेहरा उतरलेला, हातपाय बारीक. आत्याबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं, बसायला पाट मांडला. मी चुलीपुढं होते. ताटात भाकरी, वरण, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी वाढून मी ताट पुढं केलं. अर्चनानं भाकरी मोडली आणि अर्धी उचलून माझ्या परातीत ठेवली.

"अर्धीच बस हाय, आई. जास्त खाल्लं की बाळ मोठं होतंय आन् अडतंय. आज्जीनंच तर सांगितलंय मला, लगीन व्हायच्या आधीपासून." ती शहाण्या मुलीसारखं आज्जीकडं बघून हसली.

माझी सगळी वाक्यं घशात आली. पण मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई माझ्या परातीजवळ आल्या. ती अर्धी भाकरी उचलून त्यांनी परत अर्चनाच्या ताटात ठेवली आणि गुडघे धरत तिच्यासमोर फरशीवर बसल्या.

"चुकीचं सांगितलं म्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला बी म्या अर्धीच वाढली. ती मागायची न्हाई, आन् मला कळायचं न्हाई. तू रांगेत पुढं उभी ऱ्हायलीस ते माझ्यामुळं, पोरी. खा तू. सावकाश खा, पण सगळी खा."

अर्चना माझ्याकडं बघत राहिली. बावीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. डोळ्यांतलं पाणी मी चुलीच्या धुरावर ढकललं. आत्याबाई तिच्या हातातल्या प्रत्येक घासाकडं बघत बसल्या होत्या. मी परातीत पीठ घेतलं आणि दुसरी भाकरी थापायला लागले.